मेंदूतील दाह : एका दुर्लक्षित साक्षीचा इतिहास

वैद्यकातील काही शोध साधनांच्या अभावी लांबतात. काहींच्या बाबतीत साधन हाती असते, वस्तूही दिसलेली असते. पण ती प्रथम दिसली तेव्हा तिला जी पायरी मिळाली ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकते, आणि शोध लांबतो. अल्झायमरचा स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या विकारांत दाहाचा वाटा काय, या प्रश्नाचा इतिहास आमच्या मते दुसऱ्या प्रकारात मोडतो. गेल्या तीनचार दशकांत या प्रश्नाने प्रयोगशाळा गजबजून गेल्या आहेत. परंतु त्याची पहिली नोंद शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे, आणि ती खुद्द अल्झायमरच्याच लेखात आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. ‘दाह’ हा शब्द आपण छातीतील जळजळीपासून मनातील संतापापर्यंत सर्वत्र वापरतो. येथे तो वैद्यकीय अर्थाने घ्यावयाचा आहे. पायात काटा मोडतो, दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची हीच चार लक्षणे सांगून ठेवली आहेत. हा शरीराने केलेला बंदोबस्त होय. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी त्या जागी धावतात, जंतूंचा आणि मेलेल्या ऊतींचा फडशा पाडतात. काम झाले की बंदोबस्त उठतो. तो उठला नाही, तर काट्यापेक्षा बंदोबस्ताचाच जाच अधिक होतो. आमवातात सांधे झिजतात ते यामुळेच.

मेंदूच्या बाबतीत सेल्ससची लक्षणे कुचकामी ठरतात. मेंदू कवटीत बंद. त्याची लाली कोणास दिसणार? शिवाय मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना जाणवतच नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकृतिशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी एक खूण प्रमाण मानली होती. रक्तवाहिन्यांभोवती रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी असेल, तर दाह. नसेल, तर नाही. ही खूण ठरली ती प्रामुख्याने उपदंशामुळे होणाऱ्या वेडाच्या अभ्यासातून. त्या काळी युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत अशा रोग्यांचा भरणा मोठा असे. फ्रान्झ निस्ल आणि अलोइस अल्झायमर या दोघा मित्रांनी या विकाराच्या मेंदूतील खुणांचा तपशीलवार अभ्यास १९०४ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तवाहिन्यांभोवतीची ती गर्दी त्यात ठळकपणे वर्णिलेली आहे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा मेंदूंत उपदंशाचा जंतू प्रत्यक्ष दाखवला, तेव्हा ही खूण किती भरवशाची आहे याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

ऑगुस्ट डेटर ही एक्कावन्न वर्षांची बाई फ्रँकफुर्टच्या इस्पितळात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी दाखल झाली, तेव्हा तिला तपासणारा अल्झायमर हा असा, दाह कशाला म्हणतात हे उत्तम जाणणारा मनुष्य होता. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेला होता. तिचा मेंदू त्याच्याकडे तेथे पाठवण्यात आला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगन येथील सभेत त्याने आपली निरीक्षणे मांडली. त्यावर कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पुढच्या वर्षी त्याचे टिपण छापून आले. चेतापेशींच्या आतील तंतूंचा गुंता आणि पेशींबाहेर विखुरलेले एका विलक्षण द्रव्याचे कण या दोन गोष्टी त्या टिपणामुळे प्रसिद्ध झाल्या. आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याच दोन सापडतात. परंतु टिपणात आणखी दोन वाक्ये आहेत. एकात तो म्हणतो की, ग्लियाने विपुल तंतू निर्माण केले आहेत आणि पुष्कळ ग्लियापेशींत चरबीच्या मोठ्या पिशव्या दिसतात. दुसऱ्यात म्हणतो की, रक्तवाहिन्यांभोवती बाहेरच्या पेशींचा शिरकाव मुळीच नाही.

दुसऱ्या वाक्याने पहिल्यावर पडदा टाकला. शिरकाव नाही, म्हणजे दाह नाही. मग ग्लियाची ती खळबळ कशाला मोजायची? यात अल्झायमरला दोष देण्याचे कारण नाही. त्याने जे दिसले ते चोख लिहिले. अडचण होती ती ग्लियाच्या दर्जाची. चेतापेशींच्या मधली जागा भरून काढणाऱ्या या ऊतीला रुडॉल्फ व्हिर्कोने १८५६ मध्ये नाव दिले ते ‘सरस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. सुताराने फळ्या जोडाव्या तसा चेतापेशींना जोडून धरणारा सरस, एवढीच तिची किंमत. सरसाची साक्ष कोण काढणार!

प्राग येथे ऑस्कर फिशर या तरुण डॉक्टरचे काम त्याच सुमारास चालले होते. त्याचे नाव आज क्वचितच कोणी घेते, म्हणून त्याच्यापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. अल्झायमरने एका रोगिणीचा मेंदू पाहिला; फिशरने १९०७ मध्येच वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या सोळा रोग्यांचे मेंदू तपासून त्यांतील बारांत ते कण दाखवले. उपदंशाच्या वेडाने मेलेल्यांचे आणि इतरांचेही मेंदू त्याने तुलनेसाठी पाहिले. त्यांत ते नव्हते. पुढे १९१० च्या सुमारास त्याने असा तर्क मांडला की, हे परके द्रव्य मेंदूत साचते, त्याच्याभोवती स्थानिक दाहासारखी प्रतिक्रिया उठते, आणि मग आसपासच्या चेतातंतूंची वेडीवाकडी वाढ होते. तर्क मांडून तो थांबला नाही. रक्तद्रवात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाचा प्रथिनांचा एक समूह असतो. प्रतिकारयंत्रणा ज्यावर तुटून पडते त्याला तो चिकटतो. या कणांना तो चिकटलेला आहे का, हे फिशरने त्या काळच्या पद्धतीने तपासून पाहिले. काही हाती लागले नाही. दाहाच्या ठराविक खुणाही दिसल्या नाहीत. म्हणून तर्क तर्कच राहिला.

१९१० मध्येच म्युनिकच्या क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले आणि प्रागचे नाव मागे पडले. फिशर ज्यू होता. नाझी राजवटीत गेस्टापोने त्याला पकडले आणि १९४२ मध्ये टेरेझिनच्या छोट्या किल्ल्यातील तुरुंगात त्याचा अंत झाला. त्याने शोधलेले ते प्रथिन त्या कणांत खरोखरच असल्याचे अॅमस्टरडॅमच्या आयकेलनबूम आणि स्टाम यांनी दाखवले ते १९८२ मध्ये. फिशरचा प्रश्न बरोबर होता. त्याच्या हातातली परीक्षा तोकडी होती. प्रश्न विचारण्याचे श्रेय विज्ञानाच्या इतिहासात फार थोड्यांना मिळते. फिशरला ते मिळायला हवे असे आम्हांस वाटते.

दरम्यान या साऱ्या प्रकरणातील मुख्य पात्र माद्रिदमध्ये सापडले होते. १९१३ मध्ये सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चेतापेशी आणि ताऱ्याच्या आकाराच्या ग्लियापेशी सोडून उरलेल्या, शाखाहीन दिसणाऱ्या पेशींना ‘तिसरा घटक’ म्हणून बाजूला ठेवले होते. काहाल म्हणजे १९०६ चा नोबेल मानकरी, चेतासंस्थेच्या अभ्यासाचा पितामह. त्याच्या छत्राखाली काम करणाऱ्या पिओ देल रिओ-ओर्तेगाने चांदीच्या कार्बोनेटची एक नवी रंजनपद्धती बसवली आणि १९१९ मध्ये दाखवून दिले की, या पेशी शाखाहीन नाहीत. आजवरच्या रंगांना त्यांच्या शाखा दिसत नव्हत्या, इतकेच. ‘तिसरा घटक’ त्याने दोन वेगळ्या जातींत वाटला. त्यांतील एकीला त्याने नाव दिले मायक्रोग्लिया.

रिओ-ओर्तेगाचे वर्णन आजही वाचण्याजोगे आहे. त्याच्या मते या पेशी मेंदूच्या मूळच्या नव्हेत. गर्भावस्थेत त्या बाहेरून येऊन मेंदूत वस्ती करतात. एरवी नाजूक शाखा पसरून त्या ठरावीक अंतरावर बसलेल्या असतात. मेंदूला इजा झाली की शाखा आखडतात, अंग फुगते, अमीबासारख्या त्या सरकू लागतात आणि मेलेल्या पेशींचे अवशेष गिळतात. निस्लने उपदंशाच्या वेडात पाहिलेल्या काठीसारख्या पेशी त्याच या, हेही त्याने ओळखले. पण गुरूला हे रुचले नाही. काहालने श्रेयाचा वाटा आधीच्या एका स्कॉटिश संशोधकाकडे वळवला आणि दुसऱ्या जातीबद्दल शंका घेतली. प्रयोगशाळेतल्या कुरबुरींची त्यात भर पडून १९२० मध्ये रिओ-ओर्तेगाला तेथून बाहेर पडावे लागले. १९३६ च्या यादवी युद्धाने त्याचा देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत तो अर्जेंटिनात गेला आणि १९४५ मध्ये ब्युनॉस आयर्स येथे वारला.

मायक्रोग्लियाला नाव मिळाले, पण तिचा दर्जा सफाई कामगाराचा राहिला. जाळपोळ दुसऱ्या कोणी करावी आणि हिने राख भरावी, अशी समजूत झाली. तिला दोन आधार होते. रक्तातील पुष्कळ द्रव्ये मेंदूत शिरू शकत नाहीत हे ठाऊक होते. १९४८ मध्ये पीटर मेडावरने सशांवरील प्रयोगांत दाखवले की, परक्या प्राण्याची त्वचा मेंदूत रोवली तर ती सहसा नाकारली जात नाही. तथापि त्याच प्रयोगांत, सशाची प्रतिकारयंत्रणा आधीच चेतवली असेल तर मेंदूतील त्वचाही नष्ट होत होती. पाठ्यपुस्तकांनी पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. मेंदू प्रतिकारयंत्रणेच्या हद्दीबाहेर आहे, हे सूत्र विद्यार्थ्यांनी चाळीसएक वर्षे पाठ केले.

हे सूत्र पाठ करणाऱ्यांना एक मोठे प्रकरण डोळ्यांसमोर असूनही खटकले नाही, याचे नवल वाटते. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमोने एका निद्रालू मेंदूज्वराचे वर्णन केले. दहाएक वर्षे ही साथ जगभर फिरली. तिच्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे, काहींना कित्येक वर्षांनी, कंपवात जडला. १९१९ मध्ये पॅरिसच्या ट्रेट्याकॉफने कंपवाताने आणि या साथीनेही मेलेल्यांच्या मेंदूत कृष्णद्रव्य नावाचा तोच भाग उद्ध्वस्त झालेला दाखवला. साथीचे कारण आजही निश्चित झालेले नाही. पण एकदा उठलेला दाह मागे काय ठेवून जाऊ शकतो, हा प्रश्न तेव्हाच विचारण्याजोगा होता.

तो पुन्हा उभा राहिला तो अगदी वेगळ्या, काहीशा लाजिरवाण्या वाटेने. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरट्या प्रयोगशाळेत बनवलेले हेरॉइनसारखे द्रव्य टोचून घेतले. त्यात एमपीटीपी नावाची अशुद्धी होती. काही दिवसांतच ते लाकडासारखे ताठ झाले. म्हाताऱ्या कंपवाताच्या रोग्यांची सर्व लक्षणे त्यांच्यात उतरली. विल्यम लँगस्टन या डॉक्टरने कारण शोधून काढले. त्यांपैकी तिघांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. विष शरीरात गेल्याला तीन ते सोळा वर्षे लोटली होती. विष केव्हाच निघून गेले होते. तरीही कृष्णद्रव्यात मायक्रोग्लिया चेतलेलीच होती आणि चेतापेशी मरतच होत्या. राख भरणारी पेशी सोळा वर्षे राख भरत बसत नाही.

तत्पूर्वी, १९८८ मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याने नवी प्रतिपिंडे वापरून निर्णायक चित्र समोर ठेवले होते. कंपवाताच्या आणि अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूतील मायक्रोग्लियावर एचएलए-डीआर हे प्रथिन ठासून भरलेले होते. प्रतिकारयंत्रणेच्या पेशी परका पदार्थ एकमेकींना दाखवण्यासाठी जे वापरतात, ते हे. २०१० मध्ये कंपवाताच्या रोग्यांच्या जनुकांची छाननी झाली, तेव्हा धोक्याशी जोडलेली एक जागा याच प्रथिनाच्या जनुकांत निघाली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

दाह आहे, तर दाहशामक औषधे उपयोगी पडतील. मॅकगीर यांनी हा सरळ विचार केला. आमवाताचे रोगी वर्षानुवर्षे अशी औषधे घेतात. त्यांच्यात अल्झायमर विरळा आढळतो, असे त्यांनी १९९० मध्ये दाखवले. पाठोपाठ जपानमधील कुष्ठरुग्णांची पाहणी आली. कुष्ठसेवेच्या केंद्रांमुळे आपल्याकडे परिचित असलेले डॅप्सोन हे औषध जंतुनाशक तसेच दाहशामकही आहे. ते घेत राहिलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. २००१ मध्ये रॉटरडॅमच्या पाहणीने कळस चढवला. ६,९८९ व्यक्तींवर सुमारे सात वर्षे लक्ष ठेवले असता, ज्यांनी दोन वर्षे वा अधिक काळ वेदनाशामक-दाहशामक औषधे घेतली त्यांचा अल्झायमरचा धोका एक पंचमांशावर आलेला होता. एवढ्या आकड्यापुढे कोणाचीही आशा जागी व्हावी.

आशेची परीक्षा चाचण्यांत झाली आणि तीत ती नापास झाली. २००० मध्ये प्रेडनिसोन आणि २००३ मध्ये रोफेकॉक्सिब व नॅप्रोक्सेन ही औषधे रोग्यांना देऊन पाहिली; काही फरक पडला नाही. मग रोग होण्यापूर्वीच औषध द्यावे म्हणून सत्तरी ओलांडलेल्या, घरात हा विकार असलेल्या २,५२८ व्यक्तींची चाचणी अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झाली. हृदयविकाराच्या भीतीने डिसेंबर २००४ मध्ये औषधे थांबवावी लागली. संरक्षण काही दिसले नाही. या ठिकाणी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या मंडळींत याविषयी घरगुती सल्ले फार चालतात. स्मरणशक्ती राखण्यासाठी वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेण्यास कोणताही आधार नाही. पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय मात्र निश्चित संभवतो. हळदीचेही तसेच. हळद दाहशामक म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर लावली. पण तिच्यातील कर्क्युमिनची अल्झायमरच्या रोग्यांवरील २४ आठवड्यांची जी अमेरिकन चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत गुण आल्याचे दिसले नाही. आमटीत ती जरूर असावी.

चाचण्या फसल्या म्हणून तर्क खोटा ठरला का? घाईने तसे म्हणणारे पुष्कळ निघाले. आमच्या मते त्या चाचण्यांनी एवढेच सिद्ध केले की, दाह म्हणजे सरसकट विझवण्याची आग, ही कल्पना ढोबळ होती. त्याच काळात दुसऱ्या टोकाचा प्रयोगही झाला. त्या साचलेल्या द्रव्याविरुद्ध, म्हणजे अमिलॉइडविरुद्ध, लस टोचून प्रतिकारयंत्रणेलाच कामाला लावण्याचा तो प्रयोग होता. उंदरांत तो १९९९ मध्ये कमालीचा यशस्वी झाला. माणसांत मात्र लस दिलेल्या सुमारे तीनशे जणांपैकी अठरा जणांना मेंदू व त्याच्या आवरणांचा दाह झाला आणि जानेवारी २००२ मध्ये लस देणे थांबवण्यात आले. पुढे त्यांपैकी काहींच्या मेंदूंचे शवविच्छेदन झाले. द्रव्य बऱ्याच ठिकाणी साफ झालेले होते आणि ते मायक्रोग्लियाच्या पोटात सापडले. म्हणजे तीच पेशी साफसफाई करते हे खरे. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असेही दिसले की, ज्यांचे मेंदू जवळजवळ स्वच्छ झाले होते तेही तीव्र स्मृतिभ्रंशातच वारले.

मग जनुकांनी साक्ष दिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आइसलँड आणि लंडन येथील दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, ट्रेम-२ नावाच्या जनुकातील एक विरळा बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियात चालते, आणि हा बदल त्या पेशीला दुबळी करतो. येथे जुना हिशेब उलटा झाला. चेतलेली मायक्रोग्लिया घातक, असे म्हणत वीस वर्षे गेली होती. आता दुबळी मायक्रोग्लियाही घातक निघाली. रोगाच्या आरंभी ती द्रव्याभोवती कुंपण घालते आणि नुकसान आवरते. उशिरा, न थकता चेतलेली राहून, चेतापेशींमधील जोडण्याच खाऊ लागते. उंदरांवरील २०१६ च्या एका कामात तर ही जोडण्या खाण्याची क्रिया द्रव्याचे कण दिसण्याआधीच सुरू झालेली आढळली, आणि जोडण्यांवर खूण करणारे प्रथिन कोणते होते, तर फिशर शोधत होता तेच कॉम्प्लिमेंट.

रिओ-ओर्तेगाचेही उशिरा का होईना समाधान झाले असते. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने दाखवले की, ‘स्वस्थ’ मायक्रोग्लिया स्वस्थ नसतेच. तिच्या शाखा अखंड चाचपणी करीत असतात. २०१० मध्ये सिद्ध झाले की, उंदराच्या गर्भात या पेशी पीतककोशातून येऊन मेंदूत वस्ती करतात. बाहेरून आलेल्या, हे त्याने १९१९ मध्येच लिहिले होते.

२०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या प्रतिपिंडांना अमेरिकेत संपूर्ण मान्यता मिळाली. अमिलॉइड ती दूर करतात, बरेचसे मायक्रोग्लियाच्या हातून. ऱ्हास थांबत नाही, त्याचा वेग काहीसा मंदावतो. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत आठएक रोग्यांमागे एकाच्या मेंदूत सूज आढळली. बहुतेकांना ती जाणवलीही नाही. ती एमआरआयमध्येच दिसली, आणि म्हणून उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा ती तपासणी करावी लागते. ट्रेम-२ ला चालना देणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणीही झाली. सौम्य, अगदी आरंभीच्या लक्षणांचे रोगी तीत निवडले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला: रोगाचा वेग कमी झाला नाही. मायक्रोग्लियाला आवरायचे की उठवायचे, आणि माणसाच्या आयुष्याच्या कोणत्या वर्षी, या प्रश्नावर आता लक्षणे दिसू लागण्याच्या आधीच्या काळातील रक्ताच्या आणि पाठीच्या कण्यातील द्रवाच्या नमुन्यांवरून काम चालू आहे.